तुळशीराम माफ करत नसे

बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तुळशीराम मिस्त्री दादाराव ठेकेदाराच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसायचा. नांदुऱ्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. टपरीवाल्याचं बाकडं तो आधी उचलून फिरवायचा, तोंड बरोबर ठेकेदाराच्या दाराकडे येईल असं, आणि मग एक कट चहा घेऊन अर्धा तास नुसता बघत राहायचा. शिवी नाही, खाकरणं नाही, थुंकणं नाही. दादाराव आत फोनवर बोलत असला तरी दर दोन मिनिटांनी त्याची मान खिडकीकडे वळायची. एकदा त्याने माणूस पाठवून विचारलं, काय पाहिजे म्हणून. तुळशीराम म्हणाला, "काई नाई बापा. पाहून राह्यलो. पाहाले बंदी हाये का?" हे त्याने नऊ वर्षं केलं. पावसाळ्यात छत्री घेऊन केलं.

माणूस गेला की लोक लगेच त्याचा देवमाणूस करून टाकतात. मन मोठं होतं, कोणाबद्दल आकस नव्हता, वगैरे वगैरे. तुळशीरामचं असं कोणी केलेलं मला चालणार नाही. तो खुनशी होता. अगदी पक्का खुनशी. कोणी त्याच्या कामात हात घातला, तर तो माणूस, ती तारीख आणि त्या दिवशी त्या माणसाने घातलेला शर्ट त्याच्या लक्षात राही. मी म्हणायचो, "अरे, सोडून दे आता." तो म्हणायचा, "सोडाले काय थे कबूतर हाये?"

माझं स्टेशन रोडवर वायरिंगच्या सामानाचं दुकान आहे. वायर, बटणं, पंखे, पाइप. तालुक्यातला एकूण एक वायरमन माझ्या ओट्यावर बसून गेलेला आहे, तेव्हा कोण किती पाण्यात हे मला कोणी सांगायला नको. तुळशीराम पहिल्यांदा आला तेव्हा त्याने प्लॅस्टिकचे वीस पाइप मागितले आणि एकेक पाइप डोळ्याला लावून त्यातून रस्त्यावरची माणसं बघायला लागला. सात पाइप बाजूला काढले. म्हणाला, "हे मांगं देऊन टाका. यायच्या पोटात काटा हाये. तार सोलते." मी बोट घालून पाहिलं. खरंच आतून कड खरखरीत होती. मी पंधरा वर्षं पाइप विकत होतो आणि आतून कधी पाहिलं नव्हतं.

घरात वायर भिंतीच्या पोटातून, स्लॅबच्या पोटातून जाते, आणि तिला वाट असते ती पाइपाची. भिंत सरळ असली तर कोणीही टाकतो. वळणावर खरी परीक्षा. आळशी माणूस वळणावर एल्बो बसवतो. एल्बो म्हणजे बाजारात तयार मिळणारा छोटा काटकोन. टाकायला पाच मिनिटं लागतात, पण आतून वायर ओढताना ती त्या कोपऱ्यावर घासते, सोलते, कधी अडकते. तुळशीरामने आयुष्यात एल्बो लावला नाही. तो पाइप वाकवायचा. पाइपात कोरडी रेती ठासायची, दोन्ही तोंडांना चिंध्यांचे बोळे मारायचे, स्टोव्हच्या आचेवर फिरवत फिरवत गरम करायचा आणि मग गुडघ्यावर गोणपाट टाकून हळूहळू बाक द्यायचा. वरून ओलं फडकं. रेती काढली की आतून पाइप गुळगुळीत, कुठे पिचका नाही.

अंशाबिंशांचं त्याला काही कळत नव्हतं. त्याच्या बाकांना त्याचीच नावं होती. अर्धा इळा, पुरा इळा, म्हशीचं शिंग, साप. आमच्याकडचे प्लॉट कुठे चौकोनी असतात? कोणाचा गोमुखी, कोणाचा वाघमुखी, कोणाची एक भिंत शेजाऱ्याशी भांडण झाल्यामुळे तिरपी. असल्या घरात तुळशीराम खुश असायचा. भिंतीला हात लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "इथं म्हशीचं शिंग लागते, पन म्हातारीचं. जरासं वाकडं." त्याचा उजवा गुडघा लहानपणी बैलगाडीवरून पडून मोडला होता आणि वाकडा सांधला होता. तिथे एक टेंगूळ होतं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक बाकाला आतल्या अंगाने बोटभर चपटेपणा यायचा. मी त्यावरून चिडवलं की म्हणायचा, "माहा शिक्का हाये थो. सरकारी मोहरेपेक्षा पक्का."

आणखी एक खोड. स्लॅब पडला की मालक सगळ्या मजुरांना जेवण देतो, आमच्याकडची रीतच आहे. गवंडी, सेंट्रिंगवाले, बाया, सगळे पंगतीला बसतात. तुळशीराम बसायचा नाही. मालकाला म्हणायचा, "माहं ताट ठिवा. तार वढली का जेवतो." स्लॅब पक्का होऊन, भिंती होऊन वायर ओढायला दोन-तीन महिने जातात. मग एखाद्या दिवशी सगळ्या खोल्यांतून वायर सरसर निघाली की हा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसायचा. "वैनी, माहं स्लॅबचं जेवन राह्यलं." बाया हसायच्या, पण वाढायच्या. माझ्या घरीही तो असाच जेवला आणि मी त्याच्या घरी. महिन्यातून दोनदा तरी कौसल्यावहिनींच्या हातचं भरीत-भाकर खाल्लेला माणूस आहे मी. हे मी मुद्दाम लिहितोय.

आता ते वरवट बकालचं घर. शिवदास नावाच्या शेतकऱ्याने बांधायला काढलं होतं. चांगला खाऊन-पिऊन सुखी माणूस, त्याची बायको वत्सलाबाई, एक मुलगा. प्लॉट असा गोमुखी, की मागे स्वयंपाकघराची भिंत आणि जिना एकमेकांना भलत्याच कोनात भेटत होते. काम दादाराव ठेकेदाराकडे, पाइपांचं काम तुळशीरामकडे. बाकीचं सगळं झालं. स्वयंपाकघराशी तुळशीराम अडला. म्हणाला, इथे चार बाक वेगवेगळे लागतात, दोन दिवस द्या. दादारावला दुसऱ्या दिवशी प्लास्टर सुरू करायचं होतं. शब्दाला शब्द वाढला. दादाराव म्हणाला, "पाइप टाकून राह्यला का सोन्याची पोत घडून राह्यला बे?" तुळशीरामने स्टोव्ह विझवला, रेतीची पिशवी उचलली आणि एसटीने नांदुऱ्याला परत आला.

त्याच दुपारी दादारावचा साळा सुनील माझ्या दुकानात आला. त्याने एल्बो मागितले. करडे एल्बो, ते त्या वेळी आमच्या भागात मीच आणायचो. मी हसत म्हणालो, "तुळशीरामनं पाह्यलं तर फेकून मारीन." सुनील म्हणाला, "त्याले काढलं. वरवटचं किचन मीच करून राह्यलो." मी पिशवी बांधून दिली. एवढंच झालं. मी पुन्हा सांगतो, मला माहीत होतं. कोणत्या घरात, कोणत्या खोलीत, कोणाच्या हाताने, सगळं माहीत होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली. भिंतीवर स्टीलची मांडणी खिळ्यांनी ठोकलेली होती. वत्सलाबाईने ओल्या हाताने ताट काढायला मांडणी धरली आणि ती तिथेच चिकटली. शिवदास शेतातून येईपर्यंत संपलं होतं.

तपासाला वीज खात्याचे एक साहेब आले. पाइप कोणी टाकले? दादाराव म्हणाला, तुळशीराम मिस्त्रीने. तुळशीराम सांगत राहिला, ती भिंत माझी नाही, फोडा आणि बघा. पण शिवदासने स्वयंपाकघराला कुलूप घातलं होतं. "माह्या बाईची जागा हाये थे. कोनी हात लावाचा नाई." त्याच्या त्या अवस्थेत त्याच्याशी वाद कोण घालणार? साहेब माझ्याकडेही आले. सामान तुमच्याकडचं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? दुकानात दादारावची दोन माणसं बसली होती. दादारावची सगळी कामं माझ्याकडून सामान घेत होती, माझं अर्धं दुकान त्याच्यावर चालत होतं. मी म्हणालो, "मी सामान देतो साहेब. कोण कुठं लावतं, ते मला काय माहीत?"

असं गोड बोललो मी. जीभ झडली नाही.

तुळशीरामचा परवाना गेला. त्याहून वाईट म्हणजे नाव गेलं. शिवदास बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर आला, तुळशीरामची गचांडी धरली आणि सगळ्या रस्त्यासमोर ओरडला, "याच हातानं मारलं माह्या बाईले!" तुळशीरामने गचांडी सोडवून घेतली नाही. शिवदास दमून खाली बसेपर्यंत तसाच उभा राहिला. त्यानंतर घरात पाइप टाकायला त्याला कोणी बोलावेना. ज्या घरांत त्याने आधी काम केलं होतं त्या घरांतल्या बाया स्लिपर घालून बटण दाबायला लागल्या. तो मोटारी गुंडाळू लागला, विहिरीवरचे पंप दुरुस्त करू लागला. आणि दर बाजाराला त्या बाकड्यावर बसू लागला.

मी त्याला समजवायचो. मीच! केवढा कोडगेपणा. म्हणायचो, "असं डोळे वटारून काय होणार आहे?" तो म्हणायचा, "भाऊ, पाइपाले घाई केली का थो पिचकते. आच द्या लागते. मी आच देऊन राह्यलो."

नऊ वर्षांनी पाइप वाकला. दादारावने नांदुऱ्यात स्वतःचा बंगला काढला. मुलगा पुण्यात आर्किटेक्ट, त्याने नकाशा केला. आठ कोनांचा हॉल, तिरपं छत, उघड्या विटांच्या भिंती आणि त्यांवर बाहेरूनच फिरवलेले लोखंडी पाइप. आता म्हणे तीच फॅशन आहे, वायरिंगचा पाइप लपवायचा नाही, मिरवायचा. बरं, मिरवायचा तर तो मिरवण्यासारखा वाकला पाहिजे. कोन सगळे चमत्कारिक. अकोल्याचा माणूस आला, पाइप पिचकवून गेला. जळगावहून मशीन घेऊन दोघं आले, त्यांचे बाक एकमेकांशी जुळेनात, शेजारी शेजारी पाच पाइप पाच दिशांना. वास्तुशांतीचा मुहूर्त काढून झाला होता. मुलगा बापाला रोज फोनवर झापत होता. शेवटी दादाराव माझ्या दुकानात आला, स्टुलावर बसला, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "भाऊ, तुळशीरामले इचारून पाहा नं."

मी निरोप दिला. तुळशीराम पंपाचं झाकण आवळत होता. त्याने शेवटचा नट आवळला, हात पुसले. म्हणाला, "करतो. पन पह्यले वरवटची थे भिंत फोडाची. चार लोकायसमोर. शिवदासपाशी किल्ली ठेकेदारानं सोता मांगाची. अन् भाऊ, तुमी बी याचं." मी ते जसंच्या तसं दादारावला सांगितलं. मला वाटलं दादाराव नाही म्हणेल. तो हसला! म्हणाला, "फोड म्हना. पाइप म्हंजे पाइप. त्याच्यावर काय नाव लिहेल असते का?" उभं आयुष्य बांधकामात घालवून ज्याने एकदाही पाइप हातात धरला नव्हता, तोच असं बोलू शकतो.

दादाराव खरंच वरवटला गेला. शिवदासला काय सांगितलं कोण जाणे, बहुधा एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाईल असं काहीतरी. शिवदासने किल्ली दिली. सकाळी आठ-नऊ वाजता आम्ही गेलो. गावातली पंधरा-वीस माणसं, शिवदास, त्याचा मुलगा, सून. नऊ वर्षं त्या घरात स्वयंपाक मागच्या टिनाच्या शेडमध्ये होत होता. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडावं लागलं. मांडणी अजून भिंतीवर होती, ताटांवर बोटभर धूळ. सुनेने पदर तोंडाला लावला.

तुळशीराम भिंतीजवळ गेला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "माह्या हातानं नाई फोडत. ठेकेदाराचा गवंडी फोडीन." मग त्याने पिशवीतून आपण वाकवलेला एक पाइप काढून जमिनीवर ठेवला आणि शिवदासला म्हणाला, "हात लाव. आतून चपटा लागते का? हा माहा गुडघा हाये. या भितीत असा बाक निंगाला, तं मी मारलं तुह्या बाईले. मंग मले इथंच गाड."

गवंड्याने छिन्नी लावली. प्लास्टर पडलं, विटेचे तुकडे पडले. हातभर जागेत चार एल्बो निघाले, एकाला एक जोडलेले. करडे. शेवटच्या एल्बोतून वायर बाहेर ओढली तर तिची साल निघालेली होती, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. शिवदासने जमिनीवरचा बाक उचलला, भिंतीतल्या एल्बोंशेजारी धरला, पुन्हा पुन्हा धरून पाहिला. त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

दादाराव चाचरत म्हणाला, "सुनीलनं केलं असन. मले काय मालूम?"

"मालूम नव्हतं, तं माहं नाव काऊन सांगतलं?" तुळशीराम म्हणाला. आवाज चढवला नाही. मग त्याने एक एल्बो उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्यासमोर धरला. "भाऊ, हा कोनाच्या दुकानातला हाये?"

मी म्हणालो, "माझ्या."

"कोनं नेला?"

"सुनीलनं."

"कोनत्या घरासाठी?"

"ह्या."

"तुमाले तवाच मालूम होतं?"

वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. तो म्हणाला, "मान नोका हालवू. बोला." मी म्हणालो, "हो. माहीत होतं."

बस. पुढे त्याने मला एक शब्द विचारला नाही. शिवदास त्याच्या पाया पडायला वाकला, तर त्याने त्याला दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं. "तुह्यं काई चुकलं नाई बापा. तुही बाई गेली." अख्ख्या नऊ वर्षांत तुळशीराम एवढं मऊ बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

मला वाटलं होतं, आता हा बंगल्याकडे ढुंकूनही बघणार नाही. दादारावलाही तसंच वाटलं, त्याने जळगावला फोनही लावून ठेवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम रेतीची पिशवी आणि भोक पाडलेला बाभळीचा ठोकळा घेऊन हजर. लोखंडी पाइप त्या भोकात घालायचा, गुडघ्याचा टेका देऊन एक बोट ओढायचा, एक बोट सरकवायचा, पुन्हा ओढायचा. बेचाळीस दिवस तो तेच करत होता. मी एकदा बघायला गेलो. आठही कोनांतून पाच पाच पाइप एका अंगाने वळून छताकडे चढले होते, मधे तसूभर अंतर, कुठे कमी नाही की जास्त नाही. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे, या माणसाच्या घरात इतकं चांगलं काम? एखादा पाइप तरी बिघडवायचास!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला एल्बोच लावायला सांगितलं होतं. म्हणाला, "बिघडोला तं थो काढून फेकीन. चांगला केला तं काढता येत नाई. आता जो पावना येईन, थो वर पाहीन अन् इचारीन, कोनं केलं? याले माहं नाव घ्या लागीन. जेवाले बसला तरी, झोपाले गेला तरी माहा गुडघा याच्या डोक्यावर. मरेपावतर."

वास्तुशांतीला अर्धा तालुका लोटला होता. जो तो हॉलमध्ये शिरून वर मान करून उभा. एक पाहुणे म्हणाले, "वा दादाराव! कोण कारागीर पकडला?" दादाराव म्हणाला, "जळगावचा होता एक." तुळशीराम चार हातांवर बुंदी खात उभा होता. तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाला, "काऊन हो ठेकेदार? जळगावचा काऊन? नाव इसरले का?" दादारावचा चेहरा कणकेसारखा झाला. मग त्याला म्हणावंच लागलं, "तुळशीराम मिस्त्री. आपल्या नांदुऱ्याचा." तुळशीराम म्हणाला, "हाव. आता बरोबर," आणि आणखी बुंदी मागितली. त्या दिवसापासून पाहुण्यांना हॉल दाखवताना दादाराव आपणहून नाव सांगू लागला. विचारायची वाट बघणं त्याला जास्त जड जात असावं.

परवान्याचं मिटलं. घरांची कामं परत आली. आणि माझ्याशी? माझ्याशी तुळशीराम पहिल्यासारखाच होता. तसाच दुकानात यायचा, पाइप डोळ्याला लावायचा, "यायच्या पोटात काटा हाये" म्हणायचा, माठातलं पाणी प्यायचा. मी एक-दोनदा सुरुवात केली, "तुळशीराम, त्या दिवसाचं मला तुझ्याशी..." तर तो म्हणायचा, "भाऊ, नवे पंखे आले का?" मला वाटलं, झालं. विसरला. आपला माणूस, जुना दोस्ताना, सोडून दिलं त्याने. दोन वर्षं मी या समजुतीत निवांत जगलो. कौसल्यावहिनींनी पूर्वीसारखं जेवायला बोलावलं नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. सुखात असलं की माणूस किती ठोंब्या होतो!

मग त्याला पोटाचं दुखणं लागलं. तीन महिन्यांत वाळला. खामगावच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा खाटेच्या डोक्याशी भिंतीवर फिरवलेल्या पाइपाकडे बोट करून म्हणाला, "पाहा, एल्बो. मले असल्या भितीखाली मरा लागते." आम्ही दोघं हसलो. तीच शेवटची भेट.

तो गेल्याचं सकाळी कळलं. मी शटर ओढून तसाच त्याच्या घरी निघालो. अंगणात गर्दी होती. वरवटहून शिवदास आणि त्याचा मुलगा आले होते. दादाराव आला होता, पांढरा शर्ट घालून, तिरडीच्या बांबूंजवळ उभा. मी चपला काढून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात कौसल्यावहिनी उठल्या. रडून डोळे सुजलेले, पण चाल सरळ. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलल्या. त्यांचं हे वागणं माझ्यापेक्षा मोठं होतं.

"भाऊ, ते सांगून गेले. ठेकेदाराले मातीले येऊ द्या म्हने. भाऊले नाई."

मला आधी काही कळेचना. मी दादारावकडे बोट केलं. म्हणालो, "वहिनी, याला? आणि मला नाही?"

"म्हने, थो दुश्मन होता. दुश्मनानं दुश्मनाचं काम केलं, मी त्याची फेड केली, हिसाब मिटला. भाऊ माह्या ताटात जेवत होता." त्या थांबल्या. "मी म्हटलं, जाऊ द्या नं, दोन वर्सं बोलून तं राह्यले त्यायच्याशी. तं म्हने, बोलत होतो, कारन त्याले वाटाले पाह्यजे, का मी इसरलो."

त्या वळल्या आणि आत जाऊन बसल्या. मी चपला पायात घातल्या आणि रस्त्याच्या पलीकडे, गिरणीच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून रडण्याचा आवाज आला, मग तिरडी बाहेर निघाली. पुढे डावीकडे शिवदास, उजवीकडे दादाराव. माझ्यासमोरून, सहा हातांवरून गेली. मला राग आला का? आला. भयंकर आला. मेलेल्या माणसाचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. गल्लीच्या वळणावर ती दिसेनाशी झाली तेव्हा तो सगळा राग घेऊन मी एकटा तिथे उभा होतो, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती.

मागून रेंगाळत येणारे एक गुरुजी माझ्याजवळ थांबले. दोघांचेही ओळखीचे. त्यांना आश्चर्य वाटलं. म्हणाले, "भाऊ, तुमचा तर खास माणूस होता तो. तुम्ही इथं काऊन उभे?"

तब्येत बरी नाही, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"त्यानं मला मातीला येऊ नको म्हणून सांगून ठेवलंय," मी म्हणालो, "आणि त्याचं बरोबर आहे." आणि गिरणीच्या भिंतीला टेकून, सुनील दुकानात आला तिथपासून, मी गुरुजींना सगळं सांगायला सुरुवात केली.